ओव्हन तापेपर्यंत मुलांचं काय करायचं?

प्रश्न: ताई, माझी मुलगी ९ वर्षांची आहे आणि मुलगा ५ वर्षांचा. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून दोघं टॅबवर असतात. काढून घेतला की रडारड. म्हणून गेल्या शनिवारी मी जाहीर केलं, ‘आज दुपारी स्क्रीन बंद, आपण तिघं मिळून केक करायचा.’ ओट्यावर फोन उभा करून व्हिडिओ लावला. मुलाने मैदा सांडला, अंड्याचं कवच भांड्यात पाडलं. मुलगी माझ्या नवऱ्याचा फोन घेऊन प्रत्येक पायरीचे फोटो काढत बसली. पसारा बघून माझा आवाज चढला आणि शेवटी सगळं मिश्रण मी एकटीनेच फेटलं. केक ओव्हनमध्ये गेल्यावर दोघं पुन्हा टॅब घेऊन बसली. मधे मुलाने दोनदा ओव्हनचं दार उघडून पाहिलं. केक मधोमध बसला. नवरा म्हणाला, ‘एवढ्या खटाटोपापेक्षा विकत आणला असता.’ मुलगी म्हणते, ‘मला पुन्हा नाही करायचं.’ मी नेट लावावा की हे आपल्याला जमणारं नाही म्हणून सोडून द्यावं?

उत्तर:

तुमचं पत्र वाचताना मी स्क्रीन मोजत गेले. ओट्यावर व्हिडिओचा फोन. मुलीच्या हातात फोटोंचा फोन. केक आत गेल्यावर बाहेर आलेला टॅब. ‘आज स्क्रीन बंद’ म्हणून ठरवलेल्या दुपारी तुमच्या स्वयंपाकघरात तीन स्क्रीन चालू होते, आणि त्यांतले दोन मोठ्यांच्या मालकीचे. मुलांना बोल लावण्याआधी एवढं लक्षात घ्या. बेकिंग सोडू नका, मात्र शनिवारची दुपार ज्या पद्धतीने मांडली होती ती पद्धत सोडा.

आधी त्या व्हिडिओचं बघू. व्हिडिओतली बाई आपल्या वेगाने पुढे जात असते आणि ५ वर्षांच्या मुलाचा हात त्याच्या वेगाने चालतो. मग आपण पिठाच्या बोटांनी व्हिडिओ थांबवायचा, मागे न्यायचा, पुन्हा लावायचा. या सगळ्यात आपली नजर मुलाच्या हाताकडे नसते, फोनकडे असते, आणि नेमका तेव्हाच मैदा सांडतो. त्यापेक्षा आदल्या दिवशी संध्याकाळी मुलीला कागद-पेन द्या आणि कृती तिच्या अक्षरात उतरवून घ्या. एका ओळीत एकच काम, अक्षर मोठं. धाकट्याला वाचता येत नसेल तर त्याने प्रत्येक ओळीपुढे चित्र काढायचं: लोण्याचा चौकोन, चमचा, गोळा, ओव्हन. दुसऱ्या दिवशी तो कागद फ्रीजच्या दाराला लावा, शेजारी पेन्सिल ठेवा. ओळ झाली की खूण करायची. पुढे काय करायचं हे आता मुलं तुम्हाला सांगतील. घरातले सगळे फोन, तुमचा धरून, दुसऱ्या खोलीत जातील. वेळ मोजायला ओव्हनचा टायमर आहे, भिंतीवरचं घड्याळ आहे. धाकट्याला घड्याळ कळत नसेल तर काचेवर एक छोटी चिकटपट्टी लावा आणि सांगा, ‘मोठा काटा इथे आला की ट्रे बाहेर.’ मग बघा, टॅबकडे लागायचे ते डोळे काट्याकडे लागतात.

आणि कृपा करून जाहीर करू नका. ‘आज स्क्रीन बंद’ म्हटलं की मुलांना केक दिसतच नाही, काढून घेतलेला टॅब तेवढा दिसतो. तुम्ही सरळ लोणी फ्रीजबाहेर काढून ठेवा आणि विचारा, ‘बिस्किटं करायची आहेत, वजन कोण करतंय?’

‘किती तास चालेल’ हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते मनात असणारच, म्हणून सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ५ वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत २ ते ४ वर्षांच्या मुलांनी बसल्या जागी स्क्रीन बघण्याचा वेळ दिवसाला १ तासापेक्षा जास्त नसावा, कमी असेल तितकं बरं, असं म्हटलं आहे. त्याहून मोठ्या मुलांसाठी संघटनेने २०२० मध्ये ज्या सूचना दिल्या त्यांत तासांचा आकडा नाही, बैठी करमणूक मर्यादित ठेवा एवढंच आहे. तुमची दोन्ही मुलं या दुसऱ्या गटात येतात. तेव्हा आकड्यामागे लागू नका. आठवड्यातली एखादी दुपार मुलांचे हात कामात गुंतले आणि आई-बाबा खरोखर समोर होते, एवढं झालं तरी भरपूर आहे.

आता केकबद्दल. तुम्ही सुरुवातच अवघड जागेवरून केलीत. केक हा घाईचा पदार्थ आहे. बेकिंग पावडर ओली झाली की वायू सुटायला लागतो, म्हणजे मिश्रण तयार झाल्यावर ते फार वेळ थांबवता येत नाही. मैदा घातल्यावर जास्त फेटलं तर मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं प्रथिन, घट्ट होतं आणि केक चिवट होतो. ‘मी पण, मी पण’ करत दोन मुलं आळीपाळीने फेटत राहिली की नेमकं हेच होतं. ओव्हनमध्ये पहिली वीस-पंचवीस मिनिटं केक आतून ओलाच असतो. वायूने फुगलेला असतो, पण त्याचा सांगाडा अजून पक्का झालेला नसतो. अशा वेळी दार उघडलं की गरम हवा बाहेर पडते, आतलं तापमान उतरतं आणि मधला भाग खाली बसतो. तुमच्या मुलाने दोनदा दार उघडलं, त्यामुळे केक बसण्याचं कारण बहुतेक तेच. पण त्याने तरी काय करायचं होतं? आत काय चाललंय हे बघावंसं वाटणं चांगलंच आहे. दिवा लावून काचेतून बघायचं असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

मुलांबरोबर सुरुवात करायला माझ्या मते शॉर्टब्रेडसारखी बिस्किटं सगळ्यात बरी. अंडं नाही, सोडा नाही, फुगायचं काही नाही, त्यामुळे बसायचंही काही नाही. प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: वजनाने एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा. म्हणजे ५० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम लोणी, १५० ग्रॅम मैदा आणि लोणी बिनमिठाचं असेल तर चिमूटभर मीठ. लोणी बोट दाबलं की खळगा पडेल इतकं मऊ हवं, वितळलेलं नको. साखर बारीक घ्या. लोणी-साखर लाकडी चमच्याने एकजीव करायची, त्यात मैदा घालायचा आणि हाताने गोळा होईपर्यंत दाबत राहायचं. सुरुवातीला सगळा भुगाच दिसतो आणि मुलं म्हणतात, ‘हे बिघडलं.’ पाणी घालायचा मोह आवरा. हाताच्या उबेने लोणी सैल होतं आणि दोन-तीन मिनिटांत गोळा जमतो. भुग्याचा गोळा होतो तो क्षण मुलांच्या हातात व्हायला हवा, तुमच्या नव्हे.

गोळा चपटा करून, झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायचा. मग साधारण पाऊण सेंटिमीटर जाड लाटायचा, साच्याने किंवा वाटीच्या काठाने कापायचा, काट्याने टोचे मारायचे आणि १७० अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटं भाजायचं. कडा फिकट सोनेरी झाल्या की बाहेर. गरम असताना बिस्किटं मऊ लागतात, कच्ची राहिली असं वाटतं. ती गार होताना कडक होतात. हे मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर लगेच उचलायला जातील आणि तुकडे पडतील.

या एक-दोन-तीनमध्ये तुमच्या मुलीसाठी एक मजा आहे. लोण्याचं पाकीट उघडल्यावर त्यात ८० ग्रॅमच निघालं, तर साखर आणि मैदा किती घ्यायचा? तिला करू द्या. लगेच सांगू नका. ४० आणि १२० हे उत्तर तिने वजनकाट्यावर पीठ ओतता ओतता काढलं, तर ती ते विसरणार नाही. मात्र त्याचा अभ्यास करू नका. ‘बघ, यालाच गुणोत्तर म्हणतात’ हे वाक्य त्या दुपारी गिळून टाका. आपण पालक अशा जागी फार लवकर मास्तर होतो.

वजनकाटा नसेल तर घ्याच, असं मी एरवी कुणाला वस्तू घ्यायला सांगत नाही, पण इथे सांगते. कपाने मोजलं की पीठ दाबून भरलं की सैल भरलं यावर वजन बदलतं. मुलं कप एकदा असा भरतात, एकदा तसा. काट्यावर आकडा दिसतो आणि वाद मिटतो. शिवाय चिमटी-चिमटीने पीठ टाकत बरोबर १५० वर आणणं हा ५ वर्षांच्या मुलासाठी भारी खेळ आहे. १४८... १४९... श्वास रोखून बघतात.

आता तुमच्या पत्रातल्या खऱ्या दुखण्याकडे येते. तुमची मुलं मिश्रण करताना टॅबकडे गेली नाहीत. केक ओव्हनमध्ये गेल्यावर गेली. बेकिंगमध्ये हात चालण्याचा वेळ थोडा आणि थांबण्याचा जास्त असतो. ओव्हन तापायला १० ते १५ मिनिटं, गोळा गार व्हायला अर्धा तास, भाजायला वीस मिनिटं, पुन्हा गार व्हायला तेवढीच. कृतीच्या कागदावर या वेळा लिहिलेल्या असतात, पण त्या वेळात कुणी काय करायचं ते कुठेच लिहिलेलं नसतं. तुम्ही त्या वेळात ओटा आवरायला लागलात, मुलं रिकामी झाली, आणि रिकामा हात सवयीने जिथे जातो तिथे गेला. तुमची मुलंच तशी नाहीत. ओव्हनमध्ये ट्रे सरकवल्यावर मोठ्या माणसाचा हातही आधी खिशाकडेच जातो.

म्हणून थांबायच्या वेळेचीही कामं त्याच कागदावर लिहा. ओव्हन तापत असताना ट्रेला कागद लावणं, साचे काढून ठेवणं. गोळा फ्रीजमध्ये असताना भांडी. हो, भांडी. धाकट्याला टबमध्ये कोमट पाणी, थोडा साबण आणि प्लॅस्टिकची भांडी, चमचे द्या. फरशीवर जुना टॉवेल अंथरा. भांडी स्वच्छ निघतील अशी आशा ठेवू नका, पण पंधरा-वीस मिनिटं कशी गेली हे त्यालाही कळणार नाही आणि तुम्हालाही. थोरलीला या वेळात सोड्याचा प्रयोग द्या: रिकाम्या बाटलीत दोन-तीन चमचे व्हिनेगर, फुग्यात एक चमचा खायचा सोडा. फुग्याचं तोंड बाटलीवर घट्ट चढवायचं आणि फुगा उभा करून सोडा आत पाडायचा. फुगा आपोआप फुगतो. सोडा हा अल्कली, व्हिनेगर हे आम्ल, दोन्ही भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. केकमध्ये दही किंवा लिंबू आणि सोडा घालतात तेव्हा भांड्यात हेच होत असतं. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि कोरडं आम्ल आधीच एकत्र असतं, म्हणून तिला नुसता ओलावा पुरतो. हे फुगा बघितल्यावर सांगितलं तर डोक्यात शिरतं.

आणि बिस्किटं आत गेली की ओव्हनसमोर बसा. उभं राहून नव्हे, खाली बसा. दारापासून हातभर अंतरावर एक चटई टाका आणि ती रेषा समजा, तिच्या पुढे जायचं नाही. ओव्हनचा दिवा लावा. आधी लोणी वितळायला लागतं आणि बिस्किटांच्या कडांची धार मोडते. मग वास येतो. शेवटच्या पाच मिनिटांत रंग. कडा आधी का रंगतात, असं मुलगी विचारेल, निदान विचारावं अशी माझी इच्छा आहे. कडेला उष्णता जास्त बाजूंनी लागते आणि तिथलं पाणी आधी उडतं. पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या आसपास अडकून राहतं. पृष्ठभाग कोरडा होऊन १४० अंशांच्या पुढे गेला की पिठातली आणि लोण्यातली प्रथिनं आणि साखर यांच्यात जोरात क्रिया सुरू होते, त्यातून तो रंग आणि तो वास येतो. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. पावाचा करकरीत पापुद्रा, भाजलेली कॉफी, तव्यावर खरपूस झालेलं काहीही, सगळीकडे ही क्रिया असते.

प्रत्येक मिनिट भरून काढायला मात्र जाऊ नका. चटईवर बसल्यावर पाच-सात मिनिटं कुणी काही बोलणार नाही, ‘कंटाळा आला’ असंही ऐकावं लागेल. ते होऊ द्या. ‘शाळेत काय झालं?’ असं समोर बसवून विचारलं की मुलं ‘काही नाही’ म्हणतात. तीच मुलं दोघांची नजर तिसऱ्या गोष्टीवर असताना, आपणहून, मधूनच काहीतरी सांगून जातात. त्या वेळी तुमच्या हातात फोन नसावा, एवढ्यासाठी हा सगळा घाट.

बहीण-भावाचं भांडण. एका भांड्यात दोघांचे हात घालू नका. वयात चार वर्षांचं अंतर आहे, एकाचं काम दुसरीला नेहमी चुकीचंच वाटणार. दोन भांडी घ्या. लोणी-साखर-मैदा वजन करून निम्मा निम्मा. मुलीचा गोळा तिचा, मुलाचा गोळा त्याचा. ट्रेवर मधे कागदाची घडी पाडून दोन बाजू करा. त्याची बिस्किटं वेडीवाकडी होतील, काही पातळ, काही जाड. पातळ आधी लाल होतील. त्याला त्याचं काही वाटत नाही, वाटतं ते आपल्याला. त्याची पाठ वळल्यावर बिस्किटं सारखी करायची नाहीत. मुलांना ते कळतं आणि त्यानंतर ती हात लावायचं सोडतात.

सांडलवंडीसाठी माझा एक हिशोब आहे: ५० ग्रॅम मैदा सांडण्याच्या नावाने वेगळाच धरायचा. भांड्याखाली मोठी परात किंवा ट्रे ठेवायचा, त्यातच सांडतं, त्यातूनच उचलता येतं. मुलाला उंच स्टुलापेक्षा जमिनीवर किंवा ठेंगण्या टेबलापाशी बसवा, सांडणं निम्म्यावर येतं. पुढे कधी अंडं वापराल तेव्हा ते वेगळ्या वाटीत फोडायचं, मग भांड्यात. कवचाचा तुकडा पडला तर बोटाने पकडू गेलं की निसटतो. अर्ध्या कवचाच्या धारेने उचलला की पटकन येतो. हे एकदा मुलाला दाखवा, पुढच्या वेळी कवच पडलं की तो खूश होईल.

काही गोष्टींत मात्र सूट नाही. कच्चं मिश्रण चाटायचं नाही. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो हे बहुतेकांना माहीत असतं, पण कच्च्या पिठाचं काय, हे माहीत नसतं. धान्य दळल्याने त्यातले जंतू मरत नाहीत, ते मरतात भाजल्यावर. २०१६ मध्ये अमेरिकेत ई. कोलाय या जंतूची जी साथ पसरली होती तिचा माग काढत अधिकारी मैद्यापर्यंत पोहोचले होते आणि आजारी पडलेल्यांत कच्चं मिश्रण चाखलेली माणसं होती. म्हणजे अंडं नसलेली बिस्किटंही कच्ची खायची नाहीत, आणि गोळा हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे. मुलं हिरमुसतील. त्यांच्यासाठी पहिलं भाजलेलं, मोडकं बिस्किट राखून ठेवा.

ओव्हनमध्ये ट्रे ठेवणं आणि काढणं, दोन्ही मोठ्याने करायचं, ९ वर्षांची कितीही म्हणाली तरी अजून थोडं थांबा. बाहेर काढलेला ट्रे गरम असो की गार, दिसायला सारखाच दिसतो. म्हणून काढल्याबरोबर त्यावर हातमोजा टाकून ठेवायचा, तो असेपर्यंत हात लावायचा नाही, असा नियम करा. चटका बसलाच तर वाहत्या साध्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, लोणी तर नकोच. फोड मोठा असेल, किंवा चटका चेहऱ्यावर किंवा हाताच्या पंजावर असेल तर डॉक्टरांकडे जा. मुलांचे मित्र खायला येणार असतील तर गहू, दूध, अंडी, शेंगदाणे, सुकामेवा यांची कुणाला अ‍ॅलर्जी आहे का, ते आधी विचारा.

बिस्किटं दोन-तीनदा जमली की पावाकडे वळा. पाव मुलांना जास्त मानवतो असं माझं निरीक्षण आहे. केकमध्ये ‘जास्त फेटू नकोस’ म्हणून ओरडावं लागतं, पावात मात्र मळ, आपट, ताण, हवं ते कर. मुलांच्या हातांनी कणीक जास्त मळली जाण्याची भीती नसते. २५० ग्रॅम मैदा, १६० मिली कोमट पाणी, अर्धा चहाचा चमचा मीठ, एक चहाचा चमचा इन्स्टंट यीस्ट. पाणी बोटाला जेमतेम ऊब लागेल इतकंच. यीस्ट हा जिवंत जीव आहे, उकळत्या पाण्याने मरतो. दहा मिनिटं मळून गोळा काचेच्या सरळ बरणीत ठेवायचा, वर झाकण सैल, आणि बाहेरून रबर लावून पातळी दाखवायची. तास-दीड तासात गोळा रबराच्या दुपटीवर येतो, थंडीत जास्त वेळ लागतो. या वेळात घरात थांबायचीही गरज नाही. बाहेर खेळून या, परत आल्यावर बरणीकडे धावतील. मग गोळा बसवून त्याचे आठ लहान पाव वळायचे, पुन्हा अर्धा-पाऊण तास फुगू द्यायचे आणि २०० अंशांना १५ ते १८ मिनिटं. एखादा पाव सापासारखा, एखादा कासवासारखा असला तरी भाजला जातो.

पाव सुचवण्यामागे आणखी एक कारण आहे. दर आठवड्याला केक आणि बिस्किटं म्हटलं तर साखर आणि लोणी किती जातं पोटात, हाही प्रश्न आहेच. पावात ती अडचण नाही. आणि दर आठवड्यालाच करायला हवं असंही नाही. ज्या शनिवारी तुम्ही दमलेल्या असाल त्या शनिवारी करू नका. दमलेल्या आईचा सांडलेल्या मैद्यावर आवाज चढतोच, त्यात नवल नाही.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं हिशोबाने बरोबर आहे. विकतचा केक सोपा पडतो आणि दिसतोही चांगला. पण ते हे बोलले दाराशी उभे राहून. त्यांना आत घ्या. फोटो काढायला किंवा शेवटी चव बघायला नको, पाव मळायला किंवा परात आणि ओटा पुसायला. काम कागदावर लिहा आणि त्यापुढे ‘बाबा’ असं मुलाच्या हातून लिहून घ्या. नाहीतर हा ‘कुटुंबाचा वेळ’ म्हणजे आईच्या वाट्याला आलेलं आणखी एक काम होऊन बसतं आणि महिन्याभरात बंद पडतं.

आता मुलीचं ‘पुन्हा नको.’ नेट लावू नका. पण ती नेमकं कशाला नको म्हणते आहे ते बघा. तुम्हीच लिहिलं आहे, शेवटी मिश्रण तुम्ही एकटीने फेटलंत. म्हणजे त्या दुपारी तिला खरं काम नव्हतंच, म्हणून तिने फोटोंचं काम शोधलं. त्यावर ओरडाही बसला. मीसुद्धा पुन्हा नको म्हटलं असतं. तिला एकदाच, सहज, सांगा: ‘पुढच्या वेळी कृती तू निवडायची, तूच वाचायची, आम्ही तुझ्या हाताखाली.’ एवढ्यावर सोडून द्या. ती आली तर उत्तम. नाही आली तर धाकट्याबरोबर करा, तिला बोलावत बसू नका, टोमणा मारू नका, आणि बिस्किटं झाल्यावर तिच्यापुढे बशी ठेवताना ‘न येता खाते आहेस’ असं तर चुकूनही म्हणू नका. आणि तिने फोटो काढायचाच म्हटलं तर शेवटी, सगळं झाल्यावर, एक काढू द्या.

‘बिस्किटं करायला आलीस तर नंतर अर्धा तास टॅब जास्त’ हा सौदा मात्र करू नका. त्याने टॅब बक्षीस होतो आणि बेकिंग ही त्याची किंमत. मग ती कणीक मळतानाही अर्ध्या तासाचाच विचार करणार.

शॉर्टब्रेडचं आणखी एक बरं आहे. गोळा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहतो. तेव्हा लाटायच्या आधीच भांडण पेटलं, मुलगा दमला, तुमचा आवाज चढायला लागला, तर तिथेच थांबा. गोळा आत ठेवा, बाकीचं उद्या. आणि त्या संध्याकाळी त्यांच्या रोजच्या ठरलेल्या वेळेला दोघांनी टॅब मागितला, तर कुरकुर न करता द्या.